धुतलेलं कासव

देवणीच्या जनावरांच्या बाजारात रामलिंग कुणाशी दोन शब्द नीट बोलला, असं शपथेवर सांगणारा माणूस सापडायचा नाही. सत्तेचाळीस वर्षांचा काटकुळा गडी, गळ्यात कॅमेरा, कपाळाला कायम आठी. धंदा बैलांचे फोटो काढायचा. पूर्वी लग्नं करायचा, ती पंधरा वर्षांमागं सोडली. माणसं हलतात आणि वर आपल्यालाच शिकवतात, हे कारण. बैलही हलतो, पण शिकवत नाही.

देवणी जातीच्या वळूचा चांगला फोटो ही त्या भागात साधी गोष्ट नव्हती. तो प्रदर्शनाच्या मांडवात लागायचा, घरी बैठकीत वाडवडलांच्या फोटोशेजारी लागायचा. लांबून गाय घेऊन येणारा माणूस आधी फोटो बघायचा आणि मग वळू. रामलिंगची रीत ठरलेली. मालकानं जनावर धुऊन उभं केलं असलं तरी तो ते पुन्हा धुवायचा, स्वतःच्या हातानं. काथ्यानं मांडीवरचे शेणाचे डाग काढायचे, शेवटच्या बादलीत चिमूटभर नीळ टाकून पांढरं अंग उजळायचं, शिंगांना आणि खुरांना तेल लावायचं. मग पुढचे पाय जरा उंचवट्यावर, अंग आडवं, वशिंड आणि गळ्याखालची पोळी दोन्ही दिसली पाहिजेत. कॅमेऱ्यामागं कुणीतरी पत्र्याच्या डब्यात पेंड खडखडवायची. बैलानं कान टवकारले की बटण. जनावर न धुता त्याचा फोटो काढणं म्हणजे धन्याची आणि जनावराची, दोघांची बेइज्जती. हा त्याचा कायदा होता आणि त्यावर उजूर चालत नव्हता.

मल्लिकार्जुन हा त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. दावणीला चार वळू, त्यातला एक वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, असा की बघत राहावं. पण त्याच्याशीही रामलिंगचं असंच.

"किती घोळ घालायलास रे, बैल कटाळला," मल्लिकार्जुन म्हणायचा.

"बैल न्हाई कटाळला, तू कटाळलास. तू जा घरी, च्या पी. बैलाचं आन् मपलं जमतंय."

मग मोबाईल आले. जो तो आपल्या बैलाचा फोटो आपणच काढून सगळ्या गटांवर टाकायला लागला. एके दिवशी मल्लिकार्जुननंही वानेऱ्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, तुज्यावाचून काय अडलं न्हाई बग.

रामलिंगनं तडक फोन लावला. "बैलाच्या ढुंगनाला शेन हाय आन् मागं तुजी बायकू धुनं वाळू घालायली. नेमका कोनाचा फोटू काडलास?"

त्यानंतर तीन महिने मल्लिकार्जुननं त्याला बोलावलं नाही. बाकीचेही हळूहळू बोलवेनासे झाले. रामलिंगची बायको नीलम्मा भालकीकडची, कन्नड मुलखातली. ती म्हणायची, "सुम्निरी, जरा गप ऱ्हावा. तोंडानं गिऱ्हाईक तोडायलाव तुमी, मोबाईल कशाला पायजे." पण रामलिंगच्या डोक्यात मोबाईलच होता. या शेणामुतातून बाहेर पडायचं, जिथं अजून फोटोग्राफर लागतो तिथं जायचं, हे त्यानं मनाशी धरलं.

बाहेर पडायची वाट नांदेडहून आली. तिथं निसर्गाचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. दातांचे डॉक्टर अंबरीश हे अध्यक्ष, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या विशाखा मॅडम चिटणीस. डॉक्टर देवणीला जत्रेत फोटो काढायला आले, तेव्हा त्यांनी रामलिंगचे बैल पाहिले. उजेड कळतो या माणसाला, म्हणाले. फेब्रुवारीत मंडळ कोकणात समुद्रकिनारी चाललं होतं, गाडीत एक जागा रिकामी होती. रामलिंग निघाला.

गाडीत तोंडावर त्याला सगळे 'देवणीकर' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'बैलवाले'. त्याला दोन्ही ऐकू यायचं.

"कॅमेरा बराच जुना दिसतो," डॉक्टर म्हणाले.

"दात बी जुनेच असत्यात की. तुमी सगळेच काडून टाकताव का?"

नंतर घाटापर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही. घाट उतरल्यावर विशाखा मॅडमनी नियम सांगितले. कासवांचा हंगाम आहे, रात्री आणि पहाटे कासवांची राखण करणाऱ्या गावातल्या कासवमित्राशिवाय वाळूवर जायचं नाही, लांबून बघायचं, जनावराला त्रास द्यायचा नाही. रामलिंगनं मान हलवली. जनावराला त्रास देणाऱ्या माणसाच्या तो बाजारात अंगावर जायचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

समुद्र त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिला. बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत होते, आता हा काय म्हणतो म्हणून. "पानी हाय," तो म्हणाला आणि बॅग उचलून खोलीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या सवयीनं लवकर उठला. मंडळ घोरत होतं. कासवमित्र वाळूच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणातली घरटी बघायला गेला होता. जरा फिरून येऊ, म्हणून रामलिंग कॅमेरा घेऊन खाली उतरला. उजाडलं होतं, नारळांच्या मागून मऊ उजेड वाळूवर येत होता. आणि समोर पाण्यातून निघून एक कासव वर येत होतं. परातीपेक्षा मोठं. चार पावलं टाकायचं, थांबायचं, सुस्कारा सोडायचं, पुन्हा चार पावलं.

रामलिंगनं एक फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला. पाठीवर हिरवं शेवाळ, त्यावर वाळू चिकटलेली, कडेला बारके शिंपले घट्ट बसलेले, डोळ्यांत वाळूचा चिखल. इतकं देखणं जनावर आणि ही दशा.

त्यानं खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढली, समुद्रात बुडवली आणि कामाला लागला. पाण्याच्या बाटलीनं पाच-सहा खेपा केल्या. शेवाळ चोळून काढलं, शिंपले नखानं खरवडले, दस्तीच्या टोकानं डोळे पुसले. पाठ तेलपाणी केल्यासारखी चमकायला लागली. दस्ती हातात असतानाच त्यानं उजेड बघायला एक फोटो काढला. मग पाठीच्या कडेला धरून त्यानं कासवाला जरा तिरपं केलं, म्हणजे अंगही दिसेल आणि तोंडावर उजेडही येईल. सुपारीच्या डबीत दोन खडे घालून खडखडवले. कासवानं मान वर केली. मागं लाट फुटली. बटण.

त्यानंतर कासव वळलं आणि आल्या वाटेनं पाण्यात गेलं. फोटो झाल्यावर बैल गोठ्याकडं वळतो, तसंच रामलिंगला वाटलं. त्यानं जातानाचेही दोन काढले, वाळूवरच्या खुणा आल्या म्हणून.

न्याहारीच्या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मंडळ तुटून पडलं. कसा काढला, हे एकानंही विचारलं नाही. त्यांचं त्यांनीच ठरवलं. "नुकतीच लाटेतून बाहेर आलीय, बघा ना काय चमक आहे," डॉक्टर म्हणाले. कासवमित्राला सोडून वाळूवर गेल्याबद्दल विशाखा मॅडम तेवढ्या रागावल्या. पण फोटो बघून त्यांनीही कॅमेरा जवळ ओढला.

मे महिन्यासाठी मंडळानं नांदेडला समुद्रकाठच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. पहिलं बक्षीस जाहीर केलं किशनराव यांनी. त्यांची सहलींची कंपनी. नांदेड-लातूरची माणसं ते कोकण, केरळ, अंदमान फिरवून आणायचे, आणि आता प्रत्येक सहलीबरोबर त्यांना एक फोटोग्राफर हवा होता, वर्षभरासाठी. पहिला येईल त्याला नेमणुकीचं पत्र. एप्रिलच्या शेवटी रामलिंगला फोन आला. त्याचं कासव पहिलं आलं होतं. डॉक्टरांनी फोटोला नावही दिलं होतं, 'आगमन'.

त्या आठवड्यात रामलिंग बाजारात गेला, ते खास बोलायलाच. "आता मपल्याकडं येयाचं न्हाई कुनी. मी चाल्लो अंदमानाला. बैल तुमचे, शेन तुमचं, मोबाईल तुमचा. काडा फोटू, नायतर घाला चुलीत." मल्लिकार्जुन उठून चार पावलं पुढं आला, तर त्यालाही म्हणाला, "तुजा वानेरा बरा हाय. पन तुज्यासारख्याच्या दावनीला बांदलाय, त्याला तो काय करंल."

घरी नीलम्मानं भाकरी थापता थापता ऐकलं. "कागुद हातात आलाय का आजून?"

"येतोय."

"मग येस्तोवर दम धरता आला न्हाई? समदी दारं लावून आलाव. तिकडलं उगडलं न्हाई तर बसायचं कुटं?"

"तू येऊन बग नांदेडला. सोताच्या डोळ्यानं बग."

नीलम्मा आली. नवं लुगडं नेसून सकाळी अकरालाच हॉलमध्ये येऊन एका खुर्चीवर बसली. कार्यक्रम चारला होता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आत पंखे गरगरत होते आणि दारासमोरच्या भिंतीवर हे भलंमोठं कासव.

एक रिटायर मास्तर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "काय हो, आमचा मुलगा कोकणात असतो, त्याच्या फोटोत हे असतं मळकट. तुमचं इतकं लख्ख कसं?"

"धुतल्यावर लख्खच असतंय," रामलिंग म्हणाला.

"धुतल्यावर म्हणजे?"

"मीच धुतलं. वीस मिंटं गेली. शिंपले निगत नव्हते."

त्याच्या आवाजात अभिमान होता. मास्तर हसले, त्यांना चेष्टा वाटली. शेजारी उभ्या विशाखा मॅडम मात्र हसल्या नाहीत. "रामलिंगराव, त्या दिवशीचे सगळे फोटो आहेत ना तुमच्याकडे? आत चला."

आतल्या खोलीत डॉक्टर सत्काराच्या शाली मोजत होते. मॅडमनी दार लावलं, त्याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि एकेक फोटो पुढं केला. शेवाळानं माखलेलं कासव. मग ओलं कासव आणि चौकटीच्या कडेला दस्ती धरलेला हात. मग ते बक्षिसाचं. मग पाण्याकडं जाणारी पाठ.

डॉक्टरांच्या हातातली शाल तशीच राहिली. "हात लावला तुम्ही?"

"हात न लावता धुवायचं कसं, ते तुमी सांगा."

"अहो, गुन्हा आहे हा. कायद्यानं गुन्हा. बैल वाटला का तुम्हाला?"

"बैलच बरा. त्यो घोरत पडत न्हाई. तुमी समदे घोरत होताव, मी उटलो म्हनून ते भितीवर हाय."

"चूक झाली, याला न्यायलाच नको होतं," डॉक्टर मॅडमला म्हणाले, जणू रामलिंग खोलीत नव्हताच.

विशाखा मॅडम दोघांचंही ऐकत नव्हत्या. त्यांनी शेवटचा फोटो मोठा केला. वाळूवर वर आलेली एक वाट दिसत होती आणि तिथूनच खाली गेलेली दुसरी. "खड्डा कुठं केला तिनं?"

"कसला खड्डा?"

"ती कशाला वर आली होती, रामलिंगराव? फोटो काढून घ्यायला? मादी आहे ती. पोटात शंभरेक अंडी घेऊन येते, वर कोरड्या वाळूत खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि मग जाते. तुमच्या फोटोत खड्डा नाही. ती अर्ध्या वाटेतून परत गेली. तुम्ही धरलंत, चोळलंत, म्हणून गेली."

रामलिंग पडद्याकडं बघत राहिला. "पोटात तशीच?"

"तशीच."

"मग कुटं घातली?"

"दुसरीकडं कुठं वर आली असेल. नाहीतर पाण्यात सोडली असतील, म्हणजे गेली. मला काय माहीत, आणि तुम्हाला तरी काय माहीत."

त्याला पुढं सांगायला लागलं नाही. गाय व्यायला झाली की तो स्वतः गोठ्याच्या दारात उभा राहून गड्यांना हाकलायचा. दावं सैल करायचं, पाणी ठेवायचं आणि लांब व्हायचं, खोकायचंसुद्धा नाही. त्या वेळी कुणी दस्ती घेऊन आत गेला असता, तर त्यानं त्याला दगडानं मारलं असतं. तो स्टुलावर बसला.

ते बघून डॉक्टरांचा आवाज खाली आला. "हे बघा, झालं ते झालं. आता बोभाटा करून कुणाचं भलं? चारला किशनराव विचारतील कसा काढला. लाटेतून बाहेर आली, मी लांब बसून होतो, एवढं सांगायचं. बाकीचे फोटो मी आत्ता पुसतो. पत्र घ्या आणि वर्षभर फिरा."

"आन् त्या मास्तराला सांगितलं त्ये?"

"चेष्टा केली म्हणायचं. उद्या चौकशी झाली तर पहिलं नाव माझं येईल, किनाऱ्यावर जायची वनखात्याची परवानगी माझ्या सहीनं घेतलीय. माझा दवाखाना आहे इथं, इज्जत आहे."

"आन् म्याडम?"

विशाखा मॅडमनी लॅपटॉप मिटला. "मला यातलं काही विचारू नका. माझं कॉलेज आहे." आणि कुणाकडंही न बघता त्या बाहेर गेल्या.

डॉक्टर रामलिंगच्या अगदी जवळ आले. "विचार करा. नाहीतर जा परत, बसा शेपट्या धरून."

चार वाजता हॉल भरला. किशनराव ऐसपैस माणूस, पांढरा सदरा, पत्राचा लिफाफा वरच्या खिशात दिसेल असा. दोन वाक्यं बोलून त्यांनी माईक रामलिंगच्या हातात दिला. "सांगा राव आमच्या लोकांना, कसा काय साधला हा फोटो. पुढच्या महिन्यात अंदमानची सहल भरायचीय मला."

लोक हसले. नीलम्मा पहिल्या रांगेत पदर सावरून ताठ बसली.

रामलिंगनं माईक तोंडाजवळ इतका धरला की पहिलं अक्षर फुटलं. "साधला न्हाई. धरून काडलाय. ती अंडी घालाय आल्ती. मी तिला धुतली, फिरवली, डबी वाजवली. ती तशीच माघारी गेली. अंडी गेली."

किशनरावांचं हसू निम्म्यावर आलं. "म्हणजे?"

"म्हंजे ह्यो फोटू नापास. आन् आजून आयका. ह्या डाक्टरनी सांगितलं, लाट म्हन. फोटू पुसून टाकतो, तू लाट म्हन. ह्या म्याडमनी आयकलं आन् भाईर गेल्या. मी अडानी हाय, मला कळलं न्हाई. ह्यास्नी कळत होतं."

"खोटं बोलतोय हा," डॉक्टर खुर्चीवरून उठले. "बैलाचे फोटो काढणाऱ्या माणसाला समुद्रावर नेलं, ही आमची चूक. आजपासून मंडळाचा याच्याशी संबंध नाही."

"व्हता कदी? गाडीत जागा रिकामी व्हती म्हनून नेलाव. मपल्या जागी पोतं ठेवलं असतं तरी चाललं असतं तुमाला."

"माईक घ्या त्याच्याकडनं," मागून कुणीतरी म्हणालं. तो मास्तरांचा आवाज होता.

किशनरावांनी माईक घेतला. मग खिशातला लिफाफा काढला, घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला. "माझ्याकडं बायकापोरं येतात सहलीला," ते रामलिंगला हळू म्हणाले. "भांडणारा माणूस मला नाही चालायचा." कासवाबद्दल ते काही बोलले नाहीत.

रामलिंग भिंतीकडं गेला आणि फोटो खिळ्यावरून उतरवायला लागला.

"फ्रेम मंडळाची आहे," डॉक्टर म्हणाले. "फ्रेमला हात लावायचा नाही."

तो तिथंच फरशीवर बसला. फ्रेम पालथी घातली, मागचे बारके खिळे नखानं उचकटायला लागला. सगळा हॉल उभा राहून बघत होता. एक खिळा बोटात घुसला, त्यानं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं पुढचा उचकटला. फोटो निघाला. रिकामी फ्रेम त्यानं डॉक्टरांच्या पायाजवळ सरकवली. "घ्या. दात बसवा हिला."

नीलम्मा दारात पिशवी घेऊन उभी होती. दोघं रिक्षानं निघाली. बस स्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघताना ती बोलली.

"खरं बोलायला दुसरं ठिकान न्हवतं? कागुद खिशात घेऊन मग बोलायचं."

"खिशात घेतल्यावर बोलनं झालं नसतं."

"आता बाजारात कोन उबं करंल? मल्लिकार्जुनाच्या दारात मी जायाची न्हाई, आदीच सांगून ठेवते. तुमीच जा, तुमीच पाय धरा."

"धरीन न्हाई तर उपाशी मरीन. तू कटकट करू नको."

"मरा की. मरताना तरी नीट बोला कुनाशी."

गाडी लागली. दोघांच्या मधे नीलम्मानं पिशवी ठेवली. फोटो गुंडाळीत राहत नव्हता, सारखा उलगडत होता. शेवटी रामलिंगनं तो मांडीवर सरळ पसरला आणि त्यावर हात ठेवून बसला. पलीकडच्या बाकावर गांधी टोपीवाला एक म्हातारा होता. त्यानं वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"लई झ्याक हाय की वो. काय तेज हाय जनावराला. तुमी काडला जी?"

नीलम्मानं नवऱ्याकडं पाहिलं.

"न्हाई," रामलिंग म्हणाला.

"मग कुनी?"

"म्हाईत न्हाई. तुमी तिकडं बगा."

म्हातारा पुटपुटत खिडकीकडं वळला. गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली, तेव्हा नीलम्मानं मधली पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि ती त्याच्याकडं सरकून बसली.